घरफाळा भरला, पुढं काय? महापालिकेच्या खर्चाबद्दल कोल्हापूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

आम्ही चार-पाच जण दर शनिवारी संध्याकाळी पेठेतल्या एका तालमीच्या ओसरीवर बसतो. कुणी रस्त्याचा फोटो घेऊन येतं, कुणी पाणीपट्टीचं बिल, कुणी नुसताच राग घेऊन येतं. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. दरवेळी तोंडानं सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. आमच्यात वकील कुणी नाही. एक निवृत्त लेखनिक आहेत, बाकीचे अनुभवानं शिकलेले.

महापालिकेकडं पैसा येतो तरी कुठून? आमचा घरफाळा सोडून?

घरफाळा आणि पाणीपट्टी डोळ्यासमोर असतात, कारण ती बिलं घरी येतात. त्याशिवाय बांधकाम परवानगीच्या वेळचं विकास शुल्क, इस्टेट विभागाचं गाळेभाडं, परवाना फी असं बरंच काही असतं. पूर्वी जकात होती. नाक्यावर ट्रक थांबायचे आणि रोजच्या रोज रोकड यायची. जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तोही गेला आणि त्याच्या बदल्यात राज्य सरकारकडून भरपाईचं अनुदान सुरू झालं. म्हणजे महापालिकेच्या तिजोरीचा एक मोठा झरा आता मुंबईतून वाहतो.

याशिवाय वित्त आयोगाचा निधी, अमृत आणि नगरोत्थान या सरकारी योजना, जिल्हा नियोजन समिती, आमदार-खासदार निधी. चौकात डिजिटल फलक लागतो, ‘अमुक साहेबांच्या प्रयत्नांतून इतका निधी मंजूर’. पाठपुरावा केला असेल, त्याचं श्रेय जरूर द्या. पण पैसा साहेबांच्या घरचा नसतो. हॉटेलच्या बिलावर तुम्ही जो जीएसटी भरता, तोच फिरून इथं येतो. त्यामुळं ‘आमदार निधीचं काम आहे, महापालिकेला काय विचारता’ असं कुणी म्हणालं तर फसू नका. निधी कुणाचाही असो, काम ज्या कार्यालयानं करून घेतलं त्याच्याकडं कागद असतोच.

बजेट वाचायचं कसं? शेकडो पानं असतात.

सगळी पानं वाचू नका. आम्हीही वाचत नाही.

आधी क्रम समजून घ्या. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ नुसार आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढं ठेवतात. ही समिती १६ सदस्यांची असते आणि तिच्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. समिती त्यात फेरफार करते आणि सभापती ते महासभेत मांडतात. करांचे दर ठरवायची मुदत २० फेब्रुवारी. म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत कान टवकारून राहायचं. एप्रिलमध्ये ओरडून उपयोग नसतो.

आता पुस्तक उघडा. प्रत्येक शीर्षाला, म्हणजे ज्याला सगळे ‘बजेट हेड’ म्हणतात त्याला, तीन आकडे असतात. मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, चालू वर्षाचा सुधारित अंदाज किती आणि येणाऱ्या वर्षाचा अंदाज किती. वर्तमानपत्रात मथळा होतो तो तिसऱ्या आकड्याचा. खरी गोष्ट असते पहिल्यात. समजा एखाद्या उद्यानासाठी तीन वर्षं ओळीनं ५० लाखांची तरतूद दिसते आणि प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात तिन्ही वर्षं शून्य. त्या उद्यानाची घोषणा तीनदा झाली आणि काम एकदाही झालं नाही, हे तुम्हाला कुणी न सांगता कळलं.

आपल्याला ज्यात रस आहे ते एकच शीर्ष धरा आणि तीन वर्षांची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे. जमेची बाजूही बघा. वसुली कधीच न झालेला आकडा जमेला फुगवून धरला की बजेट आपोआप ‘शिलकी’ होतं.

सभागृह नव्हतं तेव्हा हे सगळं कोण मंजूर करत होतं?

प्रशासक. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला, त्यानंतर हललं. मधली पाच वर्षं प्रशासकच आयुक्त, प्रशासकच स्थायी समिती, प्रशासकच महासभा. स्वतः मांडायचं आणि स्वतःच मंजूर करायचं. माणूस कितीही सचोटीचा असला तरी ही रचना चुकीची, असं माझं मत. पण आणखी एक खरं सांगतो. सभागृह असताना महासभेतला गोंधळ बघायला जाणारे आम्ही, त्या पाच वर्षांतले प्रशासकीय ठराव वाचायला किती जण गेलो? ते ठराव आजही कार्यालयात आहेत आणि मागता येतात.

आता एका प्रभागात चार-चार नगरसेवक. एक म्हणतो दुसऱ्याला विचारा. कुणाला धरायचं?

चौघांना. ८१ जागा आणि २० प्रभाग, त्यामुळं ही टोलवाटोलवी होणारच. एकच पत्र लिहा, वर चौघांची नावं घाला आणि प्रत्येकाची पोच वेगळी घ्या. तोंडी सांगितलेलं काम कुणाचंच नसतं.

कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. ग्रामसभेसारखीच, पण प्रभागातल्या मतदारांची. ती कागदावरच राहिली. नवीन नगरसेवक सत्काराला आले की हार घालताना एवढंच विचारा, ‘क्षेत्रसभा कधी लावताय?’

नगरसेवक म्हणतात ‘फंड नाही’. खरं की खोटं कसं कळणार?

‘फंड नाही’ या दोन शब्दांत चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. बजेटमध्ये तरतूदच नाही, ही पहिली. तरतूद आहे पण जुन्या कामांची बिलं देण्यातच संपली, ही दुसरी. याला दायित्व म्हणतात आणि बहुतेक वेळा खरं कारण हेच असतं. तरतूद आहे, पैसाही आहे, पण प्रशासकीय मान्यता किंवा तांत्रिक मान्यता अडकली आहे, ही तिसरी. आणि चौथी म्हणजे सगळं आहे, पण निविदेला कुणी ठेकेदार फिरकला नाही, कारण आधीच्या कामाची बिलं थकली आहेत.

तेव्हा विचारताना ‘फंड आहे का’ असं विचारू नका. ‘या शीर्षाखाली तरतूद किती, आजअखेर खर्च किती आणि दायित्व किती’ हे विचारा. समोरच्याला लगेच कळतं की गडी माहीतगार आहे.

आमच्या गल्लीतला रस्ता झाला. पैसे बरोबर लागले का हे सामान्य माणसाला तपासता येतं?

येतं. आणि माझ्या मते सुरुवात इथूनच करावी, शेकडो कोटींच्या प्रकल्पापासून नव्हे.

एका साध्या डांबरी रस्त्यामागं कागदांची एक साखळी असते. पहिला कागद एस्टिमेट. कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन करतो आणि त्यातले दर शासनाच्या दरसूचीतले असतात. मग मान्यता, निविदा आणि तुलनात्मक तक्ता, म्हणजे कुणी किती दर भरला त्याचा कागद. मग कार्यादेश, ज्याला सगळे वर्क ऑर्डर म्हणतात. त्यात काम किती दिवसांत संपवायचं आणि दोष दायित्व कालावधी किती, म्हणजे काम बिघडलं तर किती काळ ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचं, हे असतं. काम चालू असताना माल तपासणीचे अहवाल. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाचं, मोजमाप पुस्तिका. पवडी (पीडब्ल्यूडी, म्हणजे बांधकाम) विभागात तिला कुणी मोजमाप पुस्तिका म्हणत नाही, ‘एम.बी.’ म्हणतात. तुम्हीही एम.बी.च म्हणा.

एम.बी. म्हणजे जागेवर प्रत्यक्ष मोजून लिहिलेली नोंद. लांबी, रुंदी, जाडी, नग. बिल एस्टिमेटवर निघत नाही, एम.बी.वर निघतं. एस्टिमेटमध्ये १५० मीटर असलं आणि प्रत्यक्षात १२० झालं तर बिल १२० चंच निघायला हवं. म्हणून सगळा खेळ असला तर तो इथं असतो. आणि खेळ नसला तर तेही इथंच कळतं.

आमचंच सांगतो. पेठेतली एक गल्ली. रस्ता झाला तेव्हा कट्ट्यावर एकमत होतं की ‘यात निम्मं खाल्लंय’. आम्ही माहिती अधिकारात एम.बी.ची प्रत काढली. रविवारी सकाळी सातला, गाड्या कमी असतात म्हणून, ३० मीटरची फीत घेऊन उतरलो. एक जण टोक धरून, एक वाचायला, एक लिहायला आणि दहा जण सल्ला द्यायला. एम.बी.त दर १० मीटरवर रुंदी लिहिली होती. एका घराचा ओटा पुढं आलाय तिथं ३.१० मीटर आणि पुढं पिंपळापाशी ३.६० मीटर. आमची फीतही तेच सांगत होती. शेवटपर्यंत. दोन-चार सेंटिमीटरचा फरक सोडला तर सगळं जुळलं. चेंबर उचलल्याचे नग मोजले, तेही बरोबर. कट्टा जरा हिरमुसलाच.

पण त्याच कागदांत कार्यादेश होता आणि त्यात दोष दायित्व कालावधी तीन वर्षांचा लिहिला होता. पुढच्याच पावसाळ्यात कोपऱ्यावर रस्ता खचला, तेव्हा आम्ही मोर्चा काढला नाही. कार्यादेशाचा क्रमांक आणि तारीख टाकून चार ओळींचं पत्र दिलं. ठेकेदार स्वतःच्या खर्चानं येऊन दुरुस्ती करून गेला. त्या कागदाशिवाय त्या खड्ड्याचं नवीन एस्टिमेट झालं असतं आणि आपलेच पैसे दुसऱ्यांदा लागले असते.

जाडी मात्र फितीनं कळत नाही. त्यासाठी रस्त्याचा गोल तुकडा कापून काढतात, त्याला कोअर म्हणतात. तो अहवाल फाइलमध्ये आहे का, एवढं बघा.

कामाच्या जागी कामाच्या माहितीचा फलकच नाही.

फोटो काढा, तारीख टाका आणि विभागीय कार्यालयात लेखी द्या. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट, या चारपैकी तुमचं जे असेल तिथं.

माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा?

माझा पहिला अर्ज तीन पानी होता. ‘आमच्या भागातील रस्त्यांची दुरवस्था का? याला जबाबदार कोण? संबंधितांवर कारवाई का होत नाही?’ असे बावीस प्रश्न. लिहिताना फार बरं वाटलं. उत्तर दोन ओळींत आलं, की कारणमीमांसा ‘माहिती’ या व्याख्येत बसत नाही. मी चिडलो, पण चूक माझीच होती. कायदा तुम्हाला कार्यालयात असलेला कागद देतो. अधिकाऱ्याला उत्तरं तयार करायला लावायचा तो कायदा नाही.

तेव्हापासून आमच्या ओसरीवर एकच नियम आहे, ‘का’ विचारायचं नाही, कागदाचं नाव घ्यायचं. ‘रस्ता का खचला’ असं न विचारता ‘या कामाचा माल तपासणी अहवाल द्या’ असं म्हणा. ‘बिल जास्त का दिलं’ ऐवजी ‘एम.बी. आणि अंतिम देयकाची प्रत द्या’. प्रत हातात आली की ‘का’ आपोआप समोर येतं.

नमुना घ्या:

‘प्रभाग क्र. अमुक, अमुक गल्ली येथील डांबरीकरण. कालावधी १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. सदर कामाच्या पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: कामाचे अंदाजपत्रक (एस्टिमेट), तुलनात्मक तक्ता, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, गुणवत्ता चाचणी अहवाल, अदा केलेली सर्व देयके.’

बस्स. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, त्यामुळं आवरतं घ्यायची सवय लागतेच. जोडपत्र ‘अ’ चा नमुना वापरा. माहिती कशासाठी हवी हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं. काउंटरवर विचारलं तर नम्रपणे हसा. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

खर्च किती, दिवस किती?

अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही नाही, पण दाखल्याची प्रत जोडा. छायाप्रत पानाला २ रुपये. मुदत ३० दिवस. मुदत टळून गेली तर माहिती फुकट द्यावी लागते, हे कलम ७(६) लक्षात ठेवा. अर्ज चुकीच्या विभागात पडला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ‘आमच्याकडं नाही, तिकडं जा’ असं तोंडी सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन अर्ज करायची सोय राज्याच्या पोर्टलवर आहे.

अर्ज न करता फाइल बघता येते का?

येते, आणि हे फारच थोड्यांना माहीत असतं. राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार महापालिका, जिल्हा परिषद आणि जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुटी असेल तर दुसऱ्या दिवशी.

आधी एक दिवस जाऊन कोणती फाइल बघायची ते सांगून ठेवा, म्हणजे सोमवारी ‘कपाटाची किल्ली असलेले रजेवर आहेत’ हे ऐकावं लागत नाही. वही-पेन न्या. जी पानं कामाची वाटतात त्यांचे क्रमांक लिहून घ्या आणि मग तेवढ्याच प्रती मागा. चारशे पानांचे आठशे रुपये भरण्यापेक्षा बारा पानांचे चोवीस बरे.

आणखी एक. कलम ४ नुसार कार्यालयानं १७ बाबींची माहिती कुणी न मागता जाहीर करायची असते. त्यात अंदाजपत्रक आणि खर्चही येतो. अर्ज करण्याआधी महापालिकेचं संकेतस्थळ एकदा चाळा.

‘ही त्रयस्थ पक्षाची माहिती आहे’ म्हणून नाकारलं.

हे उत्तर सर्रास येतं. ठेकेदाराचं नाव ऐकलं की ‘त्रयस्थ पक्ष’. पण सार्वजनिक पैशातून दिलेल्या बिलात लपवण्यासारखं काय असणार? त्रयस्थ पक्षाला विचारायची प्रक्रिया कलम ११ मध्ये आहे. ‘त्रयस्थ’ हा शब्द उच्चारला म्हणजे माहिती नाकारली, असं होत नाही. कलम ८ मधलं कोणतं पोटकलम लागू होतं आणि का, हे अधिकाऱ्यानं लिहून द्यायला हवं.

वैयक्तिक माहितीचं मात्र बदललंय. पूर्वी कलम ८(१)(ञ) मध्ये व्यापक लोकहित असेल तर वैयक्तिक माहितीही देता यायची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं ते पोटकलम फारच रुंद करून टाकलं. लोकहिताची तुलना करायची वाट कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, पण ती अपिलात भांडून घ्यावी लागते. म्हणून शक्यतो माणसाबद्दल विचारूच नका, कामाबद्दल विचारा. ‘अमुक अभियंत्याची मालमत्ता’ मागायला गेलात तर वर्षभर अडकाल. एम.बी. कुणाची वैयक्तिक नसते.

३० दिवसांत उत्तरच आलं नाही.

पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडं, ३० दिवसांच्या आत, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५. बहुतेक माहिती या टप्प्यावर मिळते, कारण सुनावणीची नोटीस निघाली की फाइल सापडते. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं. कोल्हापूरला पुणे खंडपीठ. आयोग माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड करू शकतो. पण तिथं नंबर लागायला महिनोन् महिने जातात. त्यामुळं सगळा जोर पहिल्या अपिलावर लावा. सुनावणीला स्वतः जा आणि गप्पा न मारता कोणतं पान मिळालं नाही तेवढंच सांगा.

लेखापरीक्षण अहवालात कोट्यवधींचे आक्षेप आहेत म्हणे. म्हणजे तेवढा घोटाळा?

नाही. आणि हा गैरसमज दोन्ही बाजूंनी वापरला जातो.

महापालिकेचे स्वतःचे मुख्य लेखापरीक्षक असतात. त्यांनी स्थायी समितीला अहवाल द्यायचा असतो. त्याशिवाय राज्याचा स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो. अहवालात दोन शब्द येतात, ‘आक्षेपाधीन रक्कम’ आणि ‘वसूलपात्र रक्कम’. आक्षेपाधीन म्हणजे खर्चाचं प्रमाणक (व्हाउचर) सापडलं नाही, मान्यता जोडलेली नाही, सही राहिली, असं काहीही. कागद दाखवला की आक्षेप निकाली निघतो. वसूलपात्र म्हणजे ही रक्कम कुणाकडून तरी परत घ्यायला हवी असं लेखापरीक्षकाचं म्हणणं. पहिला आकडा नेहमी मोठा असतो आणि मथळा त्याचाच होतो. दुसरा छोटा असतो आणि त्याचं पुढं काय झालं हे कुणी विचारत नाही.

तुम्ही विचारा. कागदाचं नाव आहे ‘अनुपालन अहवाल’. कोणत्या आक्षेपावर विभागानं काय उत्तर दिलं, किती परिच्छेद प्रलंबित आणि किती वसुली झाली. आमच्या निवृत्त लेखनिकांचं म्हणणं आहे की ऑफिसात मोर्च्याला कुणी घाबरत नाही, घाबरतात ते ऑडिटच्या परिच्छेदाला. कारण मोर्चा संध्याकाळी घरी जातो, परिच्छेद निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही.

टेंडर ‘मॅनेज’ झालंय हे कसं ओळखायचं?

ठाम ओळखता येत नाही, संशय घेता येतो. एकच मोठं काम तुकडे पाडून छोट्या छोट्या रकमांत बसवलं असेल, म्हणजे ई-निविदा टाळता येते, तर पहिली घंटा. तेच तीन ठेकेदार आलटून-पालटून पहिले येत असतील आणि बाकीचे दोघे दरवेळी काही रुपयांनीच वर असतील, तर दुसरी. त्यासाठी एकच नाही, वर्षभराचे तुलनात्मक तक्ते लागतात. राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर बरंच काही दिसतं.

फार कमी दरानं काम घेतलं म्हणजे स्वस्तात झालं, असंही समजू नका. २५-३० टक्के ‘बिलो’ भरणारा माणूस घरचं घालून रस्ता करत नाही. अशा वेळी काम चालू असताना जाडीवर लक्ष ठेवा.

मोठ्या प्रकल्पांत आपल्यासारख्यांचं काय चालतं?

टोलचं आठवा. सुमारे ५० किलोमीटर रस्ते, २२० कोटींचा बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) प्रकल्प आणि तीस वर्षांची टोलवसुली. ऑक्टोबर २०१३ मध्ये नाके सुरू झाले आणि शहर पेटून उठलं. प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध मंडळी रस्त्यावर उतरली. शेवटी टोल कायमचा गेला. कोल्हापूरनं नाद केला आणि जिंकलं, यात शंका नाही.

पण त्या लढ्यातली दुसरी बाजू कट्ट्यावर कमी बोलली जाते. टोल गेला, बिल गेलं नाही. कंपनीची रक्कम राज्याच्या तिजोरीतून भागवावी लागली. ती किती द्यायची हे ठरवायला रस्त्यांचं मूल्यांकन करावं लागलं. किती लांबी, कोणती कामं झाली, कोणती राहिली. म्हणजे पुन्हा मोजमापच! करारावर सह्या व्हायच्या आधी ती पानं शहरानं वाचली असती, तर पुढचं बरंच काही वाचलं असतं, असं मला वाटतं. त्या वेळी मीही वाचली नव्हती.

थेट पाइपलाइनचंही तसंच. काळम्मावाडी धरणाहून शहराकडं सुमारे ५३ किलोमीटर जलवाहिनी, जवळपास ४८८ कोटींचं काम. २०१४ ला सुरू झालं आणि पाणी पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात पोहोचलं नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर. अशा प्रकल्पात बघायचे कागद वेगळे असतात. मुदतवाढीचे आदेश, प्रत्येक वेळचं कारण, दंड लावला की माफ केला, आणि ‘जादा बाब’ म्हणून किती रक्कम वाढली. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शहर रडलं. त्याच्या उभारणीचे टप्प्याटप्प्याचे कार्यादेश आणि देयकं वाचणं हाही त्या नाट्यगृहावरच्या प्रेमाचाच भाग आहे.

मी पाचगावात राहतो, महापालिकेच्या हद्दीत नाही.

मग तुमचं हत्यार जास्त धारदार आहे. १९७२ पासून हद्दवाढ झालेली नाही, त्यामुळं पाचगाव, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी शहराला चिकटून असूनही ग्रामपंचायती आहेत. ग्रामसभेत उभं राहून थेट सरपंचांना हिशेब विचारता येतो, शहरातल्या माणसाला ही चैन नाही. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर तुमच्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च घरबसल्या दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी ८० टक्के ग्रामपंचायतीला यायचा, १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. पोर्टलवरची एक प्रिंट काढून ग्रामसभेला घेऊन जा. इतिवृत्तात प्रश्न लिहिला गेला का, हे मात्र सही करण्याआधी बघा.

खरोखर गैरव्यवहार सापडला तर?

आधी आयुक्तांकडं लेखी, कागद जोडून. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन असतो, तिथं द्या. दाद नाही लागली तर लोकआयुक्त. लाच मागितली असेल तर मध्ये कुठं थांबू नका, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. आणि तक्रारीत ‘घोटाळा’, ‘भ्रष्टाचार’ हे शब्द टाळा. ‘एम.बी. पान अमुक, नोंद अमुक मीटर, जागेवर अमुक मीटर’ एवढंच लिहा.

त्रास होईल का?

होऊ शकतो, खोटं कशाला सांगू. महाराष्ट्रात माहिती अधिकार कार्यकर्त्यांचे खून झालेत. गल्लीतल्या रस्त्यापायी सहसा तेवढं होत नाही, पण ‘भाऊ, कशाला नादाला लागताय’ असा फोन येतो. एकट्यानं अर्ज करू नका. एकाच कामाची कागदपत्रं तिघांनी मागा. मिळालेली प्रत एका घरात ठेवू नका. आणि ज्याच्या विरोधात कागद मिळालाय त्याच्याबरोबर चहाला बसू नका. अर्ज टाकून नंतर ‘मिटवून’ घेणारेही याच शहरात आहेत. त्यांच्यामुळं खऱ्या अर्जदाराकडंही अधिकारी संशयानं बघतात.

शनिवारी येताना काय आणायचं?

जागेचा फोटो, जवळची खूण, काम साधारण कोणत्या महिन्यात झालं ते, आणि १० रुपयांचा स्टॅम्प. फीत आमच्याकडं आहे.